भरल्या घरात आलेला क्वार्टरबॅक : कॅन्सस सिटी चीफ्स, २०१३ ते २०२१

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, एक वाद कधी मिटत नाही. पडत्या संघाने आधी तरुण क्वार्टरबॅक घ्यावा आणि त्याच्याभोवती संघ उभारावा, की आधी संघ उभा करून मग क्वार्टरबॅक आणावा, हा तो वाद. पहिल्या मताच्या मागे मालकाची घाई, तिकीटविक्री आणि प्रेक्षकांची अधीरता असते, तर दुसऱ्या मताच्या मागे फारसे कोणी नसते, कारण त्याला लागणारा वेळ बहुतेक प्रशिक्षकांना मिळतच नाही. कॅन्सस सिटी चीफ्सचे प्रकरण या दुसऱ्या मताचा सर्वांत ठळक दाखला म्हणून सांगितले जाते आणि त्याचा निष्कर्ष साधारणपणे असा काढला जातो की, चांगल्या संघामुळे त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स घडला. माझ्या मते हा निष्कर्ष सिद्ध करता येण्यासारखा नाही. जे कागदावर दाखवता येते ते वेगळे आहे : संघाच्या ताकदीमुळे चीफ्सना क्वार्टरबॅक स्वस्त पडला, त्याला वर्षभर बसवून ठेवणे परवडले, आणि तो चुकीचा निघाला असता तरी संघ बुडाला नसता.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसा तो बोली लावतो, पण एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना ३२ संघ पाळीपाळीने सात फेऱ्यांत निवडतात, आणि गेल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी सर्वांत आधी येते. ही पाळी दुसऱ्या संघाला देता-घेता येते, अगदी पुढच्या वर्षाचीसुद्धा. दुसरी गोष्ट क्वार्टरबॅकच्या कामाची. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि पास द्यायचा असेल तर दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. तेवढा वेळ त्याला मिळवून देण्याचे काम त्याच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंच्या फळीचे असते. ती फळी फुटली की प्रतिस्पर्धी त्याला चेंडूसकट जमिनीवर आडवा करतात, ज्याला सॅक म्हणतात.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पेच लक्षात येतो : ड्राफ्टमधला सर्वांत नावाजलेला क्वार्टरबॅक नियमानेच सर्वांत दुबळ्या संघाच्या वाट्याला येतो. ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ २००२ मध्ये नव्याने लीगमध्ये आला तेव्हा त्याने पहिल्याच पाळीवर डेव्हिड कार या क्वार्टरबॅकला घेतले. त्याच्या रक्षणासाठी म्हणून टोनी बोसेली हा नामांकित टॅकल, म्हणजे फळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू, इतर संघांच्या यादीतून आधीच उचलला होता, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो ह्यूस्टनसाठी एकही सामना खेळू शकला नाही. पहिल्या हंगामात कारला ७६ वेळा सॅक केले गेले, आणि एका हंगामातला तो विक्रम ठरला. ह्यूस्टनमधल्या त्याच्या पाच हंगामांची बेरीज २४९ भरते. एवढा मार खाल्लेल्या माणसात मुळात किती गुण होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही, आणि या पद्धतीचा मोठा तोटा तोच आहे, कारण तिच्यात खेळाडू तर जातोच, शिवाय त्याच्याबद्दलचा निर्णय बरोबर होता की चूक हेही कळेनासे होते.

चीफ्सची अवस्था २०१२ मध्ये याहून बरी नव्हती. १६ पैकी २ सामने जिंकून ते तळाला गेले. जानेवारी २०१३ मध्ये अँडी रीड मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, ज्यांची फिलाडेल्फिया ईगल्समधली चौदा हंगामांची कारकीर्द नुकतीच संपली होती, आणि जनरल मॅनेजर म्हणून जॉन डॉर्सी आले. हाती ड्राफ्टची पहिलीच पाळी होती. त्यांनी ती क्वार्टरबॅकवर खर्च केली नाही, पण यात फार मोठा संयम होता असेही म्हणता येणार नाही, कारण त्या वर्षी क्वार्टरबॅकांचे पीकच बेताचे होते. पहिल्या फेरीत एकच क्वार्टरबॅक घेतला गेला, तो म्हणजे बफेलो बिल्सनी सोळाव्या क्रमांकावर निवडलेला ई. जे. मॅन्युएल. शिवाय २-१४ हा आकडा दाखवतो तितका संघ रिकामा नव्हता. जमाल चार्ल्स, जस्टिन ह्यूस्टन, एरिक बेरी, डेरिक जॉन्सन ही माणसे आधीपासूनच तिथे होती. म्हणजे वासे शाबूत असलेले घर दुरुस्त करायचे होते, पायापासून बांधायचे नव्हते. हे प्रकरण आदर्श म्हणून पुढे करणारे नेमके एवढे सांगायचे विसरतात.

पहिल्या पाळीवर त्यांनी सेंट्रल मिशिगनचा एरिक फिशर हा टॅकल घेतला. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला वळलेली असते ती बाजू लेफ्ट टॅकल राखतो, आणि फिशर पुढे त्याच जागी स्थिरावला. तिसऱ्या फेरीत, ६३ व्या क्रमांकावर, पास झेलणारा ट्रॅव्हिस केल्सी आला. क्वार्टरबॅकसाठी मात्र त्यांनी दुसऱ्याचा वापरलेला माणूस पसंत केला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना दुसऱ्या फेरीच्या दोन पाळ्या, एक त्या वर्षीची आणि एक पुढच्या, देऊन ॲलेक्स स्मिथला आणले गेले. स्मिथ स्वतः २००५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर एका दुबळ्या संघात गेलेला होता, आणि पहिल्या चार हंगामांत त्याला आक्रमणाचे चार वेगवेगळे प्रशिक्षक मिळाले होते. तरुण क्वार्टरबॅकला अपक्व घरात ढकलल्याने काय होते याचा चालता-बोलता दाखला असा हा माणूस, आणि पुढे ज्याला त्या वाटेने जावे लागले नाही त्याची जागा राखण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले.

पुढच्या चार वर्षांत रीड आणि डॉर्सी यांनी जे केले ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बसणारे नव्हते. २०१४ मध्ये सहाव्या फेरीत लॉरें दुव्हेर्ने-तार्दिफ हा वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी गार्ड म्हणून आला, २०१५ मध्ये दुसऱ्या फेरीत सेंटर मिच मोर्स (गार्ड आणि सेंटर या त्याच फळीतल्या आतल्या जागा), आणि २०१६ मध्ये क्लीव्हलँडहून मोकळा झालेला राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ. त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत बचावपटू ख्रिस जोन्स आणि पाचव्या फेरीत वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलण्यासाठी धावणारा, टायरिक हिल निवडले गेले. २०१४ साली चीफ्सच्या एकाही वाइड रिसीव्हरला संपूर्ण हंगामात पास झेलून टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण, करता आला नव्हता, यावरून हिलची गरज किती होती हे समजावे. चार हंगामांचे विजय-पराभव असे : ११-५, ९-७, ११-५, १२-४.

चांगले होते, पण त्याला छत होते. जानेवारी २०१४ मध्ये इंडियानापोलिसविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात चीफ्स ३८-१० असे पुढे होते आणि ४५-४४ असे हरले. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गने एकही टचडाउन न करता, केवळ सहा फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारलेले तीन-तीन गुणांचे गोल, मारून, त्यांना १८-१६ असे घरच्या मैदानावर हरवले. संघ वर्षाला अकरा-बारा सामने जिंकतो, त्यामुळे ड्राफ्टमध्ये त्याची पाळी विशीच्या पुढे सरकते, त्यामुळे चांगला क्वार्टरबॅक हाती लागत नाही, त्यामुळे तो पुन्हा अकरा-बारा सामने जिंकून जानेवारीत हरतो. आधी संघ उभारणाऱ्यांविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. चीफ्सच्या बाबतीत तर त्याला इतिहासाचीही साक्ष होती : १९८३ मध्ये टॉड ब्लॅकलेजला घेतल्यानंतर ३४ वर्षांत त्यांनी पहिल्या फेरीत एकही क्वार्टरबॅक निवडला नव्हता. इतरांकडचे अनुभवी क्वार्टरबॅक आणून काम भागवायची तिथे जवळजवळ परंपराच पडली होती.

२०१७ च्या ड्राफ्टमध्ये चीफ्सची पाळी २७ वी होती. त्यांनी बफेलोशी सौदा करून दहावी पाळी मिळवली आणि बदल्यात आपली २७ वी पाळी, तिसऱ्या फेरीतली एक पाळी आणि २०१८ ची पहिल्या फेरीची पाळी दिली. निवड झाली टेक्सस टेकच्या महोम्सची. त्याच्याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा होती. २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ७३४ यार्डांचे पास दिले होते आणि तरीही त्याचा संघ ६६-५९ असा हरला होता. ज्या खेळपद्धतीत सगळेच आकडे फुगतात तिच्यातून आलेल्या मुलाचे खरे वजन किती, हा प्रश्न रास्त होता.

आता सौद्याकडे बारकाईने पाहू, कारण या प्रकरणाचे मर्म तिथे आहे. त्याच रात्री दोन पाळ्यांनंतर ह्यूस्टन टेक्सन्सनी जवळजवळ तसाच सौदा केला : २५ वी पाळी आणि २०१८ ची पहिल्या फेरीची पाळी क्लीव्हलँडला देऊन बारावी पाळी घेतली आणि डेशॉन वॉटसनला निवडले. कागदावर दोन्ही संघांनी ‘पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी’ दिली, शब्द तेच. पण २०१७ चा हंगाम संपला तेव्हा चीफ्सनी दिलेली पाळी २२ व्या क्रमांकावर निघाली आणि टेक्सन्सनी दिलेली चौथ्या. उधारीची चिठ्ठी एकच, पण ती वटवताना द्यावी लागलेली रक्कम प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीप्रमाणे ठरली. क्वार्टरबॅकसाठी वर सरकताना संघ आपल्या पुढच्या वर्षीच्या अपयशाचा वायदा विकत असतो. ज्याला फारसे अपयश येणार नाही त्याचा वायदा स्वस्त असतो. मजबूत संघाला पाळी उशिरा मिळते हा त्याचा तोटा, आणि वर सरकण्याची किंमत त्याला कमी पडते हा त्याचा फायदा. वर मांडलेल्या आक्षेपाचे उत्तर मला इथे दिसते, आणि वादात ते क्वचितच कोणी देते.

न्याय्य तुलनेसाठी हेही नोंदवले पाहिजे की त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सरावात वॉटसनचा गुडघा मोडला आणि टेक्सन्सची घसरगुंडी काही अंशी त्यामुळे झाली. पण त्याच्या वापराची घाई त्याआधीच झाली होती. १० सप्टेंबर २०१७ च्या पहिल्याच सामन्यात, जॅक्सनव्हिलविरुद्ध, टेक्सन्सचा अनुभवी लेफ्ट टॅकल ड्वेन ब्राउन कराराच्या वादामुळे घरी बसला होता. टॉम सॅव्हेजने सुरुवात केली, मध्यंतरापर्यंत त्याला सहा वेळा सॅक केले गेले, आणि उत्तरार्धात वॉटसनला मैदानात उतरवण्यात आले. त्यालाही चारदा. एका सामन्यात दहा.

तीन दिवस आधी चीफ्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना त्यांच्याच मैदानावर ४२-२७ असे हरवले होते, महोम्स बाकावर असताना.

तो बाकावरच राहिला, आणि त्याची खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली. त्याची म्हणण्यापेक्षा रीड यांची. ५-० अशा सुरुवातीनंतर चीफ्स पुढच्या सातपैकी सहा सामने हरले आणि ६-६ वर आले. दहाव्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक हाताशी असताना अशा वेळी काय होते हे लीग पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे : गावभर त्याच्याच नावाचा गजर होतो आणि प्रशिक्षक नोकरी वाचवण्यासाठी त्याला पुढे करतो. रीड यांनी चाली पुकारण्याचे काम आपल्या हातून काढून आक्रमणाचे प्रशिक्षक मॅट नॅगी यांच्याकडे दिले, पण स्मिथला हलवले नाही. उरलेले चारही सामने जिंकून संघ १०-६ वर पोहोचला आणि स्मिथने पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास देण्याच्या कामगिरीच्या गुणांकात, लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. चार वर्षे सातत्याने जिंकलेल्या प्रशिक्षकालाच असा निर्णय घेता येतो. धीर हा स्वभावाचा गुण म्हणून वाखाणला जातो, पण इथे तो बव्हंशी शिलकीवर अवलंबून होता.

विभागाचे विजेतेपद आधीच निश्चित झाल्यामुळे ३१ डिसेंबर २०१७ रोजी डेन्व्हरविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन महोम्सला खेळवण्यात आले. २४-१० अशी आघाडी झाल्यावर त्यालाही बाहेर काढून टायलर ब्रे या तिसऱ्या क्वार्टरबॅकला पाठवले. त्याच्या हातून चेंडू निसटला, डेन्व्हरने तो उचलून टचडाउन केला आणि नंतर आणखी एक टचडाउन करून सामना बरोबरीत आणला. तेव्हा महोम्सला पुन्हा हेल्मेट चढवायला सांगण्यात आले. त्याने संघाला मैदानभर पुढे नेले आणि अखेरच्या क्षणी हॅरिसन बटकरच्या किकने सामना २७-२४ असा जिंकला. महोम्सचे त्या दिवसाचे आकडे ३५ पैकी २२ पास आणि २८४ यार्ड असे होते, एकही टचडाउन पास नाही, उलट एक चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेला. आकड्यांत डोळे दिपण्यासारखे काही नव्हते, पण बाकावरून थंड हातांनी उठून पुन्हा आत जाऊन सामना काढणे ही गोष्ट प्रशिक्षकांनी पाहिली असणारच. एक आठवड्यानंतर टेनेसीविरुद्ध चीफ्सनी २१-३ अशी आघाडी गमावली, २२-२१ असे हरले, आणि महिनाअखेरीस स्मिथला वॉशिंग्टनला देण्याचे ठरले. बदल्यात तिसऱ्या फेरीची एक पाळी आणि केंडल फुलर हा बचावपटू मिळाला.

यापुढचा हिशेब पैशाचा आहे. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, आणि ड्राफ्टमधून आलेल्याचा पगार पाळीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेला असतो. महोम्सचा चार वर्षांचा करार सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलरचा होता, तर वॉशिंग्टनने स्मिथला दिलेल्या नव्या चार वर्षांच्या कराराची रक्कम ९ कोटी ४० लाख होती. या फरकातून सॅमी वॉटकिन्ससारखा रिसीव्हर आणि पुढे टायरन मॅथ्यू, फ्रँक क्लार्क यांच्यासारखे बचावपटू आणता आले. पण ही स्वस्ताईची खिडकी तीन-चार वर्षांचीच असते. ज्या संघाला तीच वर्षे पाया घालण्यात घालवावी लागतात, त्याचा पाया तयार होईपर्यंत क्वार्टरबॅक महाग झालेला असतो. चीफ्सकडे पाया आधीच होता, म्हणून खिडकी उघडल्या दिवसापासून त्यांना बाहेर पाहता आले.

२०१८ मध्ये महोम्सने ५० टचडाउन पास आणि ५,०९७ यार्ड अशी कामगिरी करून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा : त्या हंगामात त्याला २६ वेळा सॅक केले गेले आणि वॉटसनला ६२ वेळा. वॉटसन चेंडू हातात फार वेळ धरतो हे खरे, आणि त्याच हंगामात टेक्सन्सनी ११ सामने जिंकले हेही खरे, त्यामुळे सगळा दोष फळीवर टाकता येत नाही. तरी ३६ सॅकचा फरक निव्वळ सवयीचा नसतो. दुसरीकडे चीफ्सचा संघ सर्वांगाने मजबूत होता असेही कोणी समजू नये. दिलेल्या यार्डांच्या हिशेबात त्यांचा बचाव ३२ संघांत ३१ वा होता. जानेवारी २०१९ मध्ये पेट्रियट्सविरुद्ध शेवटच्या मिनिटाला चीफ्सच्या चार्व्हेरियस वॉर्डने चेंडू पळवला, पण त्यांचाच डी फोर्ड रेषेच्या पुढे उभा होता म्हणून ती चाल रद्द झाली. जादा वेळेत महोम्सच्या हाती चेंडू आलाच नाही आणि सामना ३७-३१ असा गेला. बचावाचे प्रशिक्षक बॉब सटन यांना जावे लागले, स्टीव्ह स्पॅग्नोलो आले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये फोर्टीनाइनर्सना ३१-२० असे हरवून चीफ्सनी ५० वर्षांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

प्रकरण इथे थांबवले तर ते गोड होते, पण अपुरे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी टँपामध्ये पुढचा सुपर बोल झाला तेव्हा महोम्स तोच होता, रीड तेच होते, केल्सी आणि हिलही तेच होते. फळी मात्र तीच नव्हती. फिशरच्या टाचेचा स्नायुबंध दोन आठवड्यांपूर्वीच्या सामन्यात तुटला होता, श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर होता, आणि दुव्हेर्ने-तार्दिफने, आता तो डॉक्टर झालेला होता, कोविडच्या साथीत क्वेबेकमधल्या एका शुश्रूषागृहात काम करण्यासाठी सबंध हंगाम सोडला होता. टँपा बे बकनिअर्सच्या बचावाने महोम्सला २९ वेळा दबावाखाली पळायला लावले. चौथ्या सत्रातला एक पास अजून अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल : महोम्स पडत आहे, त्याचे अंग जमिनीला समांतर झाले आहे, आणि त्या अवस्थेत त्याने फेकलेला चेंडू दूर शेवटच्या पट्ट्यात उभ्या असलेल्या डॅरेल विल्यम्सच्या शिरस्त्राणावर आदळून खाली पडतो. पास अचूक होता, त्याचा उपयोग काही झाला नाही. चीफ्स ३१-९ असे हरले आणि त्यांना एकही टचडाउन करता आला नाही.

सात महिने आधी, जुलै २०२० मध्ये, चीफ्सनी महोम्सशी दहा वर्षांचा वाढीव करार केला होता, ज्याची कमाल रक्कम ५० कोटी डॉलरच्या वर जाते. म्हणजे स्वस्ताईची खिडकी बंद झाली होती, फळी संपली होती, आणि आता २०१३ चेच काम महागड्या क्वार्टरबॅकसह करायचे होते. मार्च २०२१ मध्ये फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मुक्त करण्यात आले. फळीसाठी जो थूनी या गार्डला मोठ्या करारावर आणले गेले, बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन सौद्यात घेतला, ड्राफ्टमध्ये ६३ व्या क्रमांकावर, ज्या क्रमांकावर आठ वर्षांपूर्वी केल्सी मिळाला होता, सेंटर क्रीड हम्फ्री निवडला आणि सहाव्या फेरीत, २२६ व्या क्रमांकावर, ट्रे स्मिथ. आदल्या वर्षी निवडलेला पण साथीमुळे न खेळलेला लुकास नियांग राइट टॅकलच्या जागी आला. २०२१ च्या पहिल्या सामन्यात महोम्सच्या पुढे उभ्या राहिलेल्या पाच जणांपैकी आदल्या हंगामात चीफ्ससाठी एकही सामना खेळलेला एकही नव्हता.